हुडकलं की गावतंय

मुलगी जिना चढून वर येईपर्यंत अप्पांचा शब्द ठरलेला असायचा. अर्धं ते पायऱ्यांवर वाजणाऱ्या चपलांवरून ओळखत, उरलेलं तिच्या आईच्या चेहऱ्यावरून. मग आईकडे बघून हसत, "बा यव्वा, कुंद्रू." म्हणजे ये माय, बस. आई पदर सावरून बसते न बसते तोवर त्यांनी एका बोटाने संगणकात शब्द टाकलेला असे. काळी. फेंगडी. बोबडी. थोराड. अप्पा कानडीत गोड बोलायचे आणि मराठीत मारायचे.

मुरुमच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या वर त्यांचं वधूवर केंद्र होतं. मी तिथे झाडलोट करायची, पाहुण्यांना चहा-पाणी द्यायची, अप्पा नसले तर भीत भीत फोन उचलायची. नवऱ्याने मला सोडून पुण्यात दुसरं घर केलं तेव्हा मला कुणी दारात उभं करेना. अप्पांनी कामाला घेतलं. पहिल्याच दिवशी चार माणसांत म्हणाले, "शालन, तू नुसती इथं बस. तुझ्याकडं बघून पोरींचे बाप जावई नीट पारखून घेतील." सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या रेखाला बारावीपर्यंतची पुस्तकं त्यांनीच आणून दिली, हेही सांगायला हवं. देताना म्हणायचे, "शिक बाई. आईवानी चौथीत नगं बसू."

मुलींचे ते शब्द संगणकात एका वेगळ्या रकान्यात जायचे. तो रकाना फक्त अप्पांनी बघायचा. "माणूस काय सांगतंय त्येच्यावर सोयरीक जमत न्हाय," ते म्हणत, "काय लपवतंय त्येच्यावर मोडतीय. म्हणून म्या लपवलेलं लिवून ठिवतो. हुडकलं की गावतंय."

मग सोलापूरहून एक इंजिनियर आला. म्हणाला, आता माहिती या संगणकात नको, क्लाउडवर ठेवू. तिथे सगळं भाड्याने मिळतं. माहिती ठेवायची एक जागा, हुडकायची दुसरी, आणि दोन्ही जोडल्या की लोकांनी घरबसल्या मोबाइलवर एक शब्द टाकायचा, त्या शब्दाची सगळी स्थळं समोर. अप्पा खूश झाले. "म्हंजी माझं कपाट ढगात, आन् किल्ली समद्यांच्या खिशात!"

"कुठले रकाने जोडू?" इंजिनियरने विचारलं.

"समदेच जोड. कंजूषपणा करू नगंस."

जोडणी चालते का बघायला अप्पांनी गमतीने स्वतःचंच स्थळ घातलं. वय सव्वीस, गोरा, निर्व्यसनी, बागायतदार, स्वभावाने शांत. हुडकलं तर पहिलं नाव त्यांचंच. सत्तरीचे अप्पा पोट धरधरून हसले. "शालन, बघ गं, तुला दुसरा नवरा गावला!"

तेव्हा केंद्रातूनच रेखाचं लग्न ठरत आलं होतं. माकणीचं घर, मुलगा डेअरीत कामाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. एके दिवशी मुलाचे मामा एकटेच आले आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. वर शब्द होता 'टाकलेली'. खाली रेखाचा हसरा फोटो. अप्पांनी माझा शब्द माझ्या मुलीच्या नावापुढे लिहून ठेवला होता.

"तुमचं आमाला ठावं होतं, बाई," मामा हळू आवाजात म्हणाले. "तेवढं चाललं असतं. पण आता ह्यो शब्द कुणीबी टाकला की पोरीचं तोंड दिसतंय. उद्या ती आमच्यात आली की आमचा उंबरा दिसंल."

सोयरीक मोडून ते गेले. अप्पांपुढे जाऊन तोंड उघडायला मला संध्याकाळ झाली.

"अप्पा, तेवढा शब्द काढा."

"खोटा हाय का?"

"न्हाय."

"मग?" म्हणाले, पण काढला. माझ्यादेखत पुसला. "बघ, गेला."

मी मोबाइलवर एकेक अक्षर शोधून तो शब्द टाकला. रेखा हसतच होती.

अप्पांनी इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, हुडकायची जागा सगळ्या शब्दांची स्वतःची वेगळी नक्कल ठेवते. जोडणी नवे शब्द तिकडे नेते, पण पुसलेले तिकडून काढायला तिला कुणी सांगितलेलं नाही. तिथलं सगळं पाडून नव्याने भरावं लागेल. "बघू सवडीनं," म्हणत अप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "नवऱ्यानं टाकलं, पर ढगानं न्हाय टाकलं तुला!" पुढे कितीतरी दिवस ते हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते.

ती सवड काही आली नाही. अप्पा खुर्चीतच गेले, बोट कळांवर ठेवून. समोरची आई अजून पदर सावरत होती. तिच्या मुलीचा शब्द अर्धाच राहिला. अप्पांच्या मातीला मी रडले, मनापासून रडले. रेखा सोडली तर माझ्याशी रोज बोलणारं दुसरं माणूस मला नव्हतं.

त्यांच्या मुलाने, महांतेशने, केंद्र चालवायला घेतलं. वडिलांचं ते गमतीचं स्थळ त्याने पुसलं, पण तेही रेखाच्या शब्दासारखंच दिसत राहिलं, सगळ्यांच्या वर. मुलींच्या घरचे फोन करू लागले. मी धीर करून म्हणाले, "समदं पाडून नव्यानं भरून घ्या की. अप्पाबी निघतील, माझ्या रेखाचा शब्दबी निघंल."

"अप्पा निघाले तर गिऱ्हाईक कोण आणंल, शालनमावशी?" महांतेश म्हणाला. "त्येंच्यापायी फोन येत्यात, मग आपुन दुसरं स्थळ दाखवतो. ऱ्हाऊ द्या हाय तसं."

तसंच राहिलं आहे. रेखा आता कुणाला फोटो काढू देत नाही.

काल तामलवाडीहून एका बाईचा फोन आला. "त्यो बागायतदार पोरगा आजून मोकळा हाय का?"

"मोकळाच हाय," मी म्हणाले. महांतेश समोरून खुणावत होता, दुसरं सांगा, दुसरं सांगा.

"स्वभावाला कसाय वो? माझी पोरगी लई भित्री हाय."

मला फोनवर शब्द सापडत नाहीत, पण या वेळी सापडले. "लई शांत. आता कुणाला कायबी बोलत न्हाय."

"मग तर बरंच झालं. कवा येऊ?"

"कवाबी या," मी म्हणाले आणि पुढचं आपसूक तोंडातून निघालं, अगदी अप्पांच्याच गोड आवाजात, "बा यव्वा, कुंद्रू."