आधी गार होऊ दे

ओल्या कपड्याचा इतका कट्टर वैरी उभ्या भोर-वेल्ह्यात दुसरा झाला नसेल आणि पुढंही कुणी होईल असं मला वाटत नाही. माझे चुलतसासरे पुण्यामुंबईच्या कोरड्या फ्लॅटमध्ये जन्मले असते तर त्यांच्या आयुष्याला काही कामच उरलं नसतं. पण देवानं त्यांना नेमकं पासलीला घातलं. आमच्याकडं पावसाळ्याचे चार महिने भिंतींना पाझर असतो, काडेपेटी पेटत नाही, पापड हातात घेतला तर चपातीसारखा वाकतो. मी किकवीची, हायवेच्या कडेची मुलगी. सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारी घडी करायची सवय असलेली. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात माझी एकच साडी पाच दिवस दांडीवर लोंबत होती, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. त्या साडीचा पदर उचलून गालाला लावून, "अजून दोन दिस," असं एखाद्या वैद्यासारखं सांगून जो गृहस्थ निघून गेला, ते माझे चुलतसासरे. माझे सासरे लग्नाआधीच वारले होते. त्यामुळे 'मामंजी' म्हणायला घरात तेच एक होते.

हे गालाला लावणं हा त्यांचा मुख्य धंदा. शेती, दोन म्हशी आणि गावकीच्या भानगडी हे सगळं जोडधंद्यात जमा. कुणाच्याही घरी तान्हं मूल आलं की मामंजी तिथं हजर. बाळाला बघायला नव्हे, दांडी बघायला. एकेक बाळोतं उचलून उजव्या गालाला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. बाकीच्या पुरुषांना बाजाराला गेल्यावरच दाढीची आठवण होते, पण मामंजी रोज सकाळी आरशाच्या तुकड्यासमोर बसून गुळगुळीत दाढी करायचे. मला आधी वाटलं, माणूस विधुर आहे, अजून हौस असेल. एकदा चेष्टेनं विचारलं तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "दाढीच्या खुंटाला ओल कळत न्हाई, सूनबाई." त्यातही उजवा गाल राखीव. डाव्या गालावर ते भरवसा ठेवत नसत.

पावसाळ्यात त्यांनी घरभर दोऱ्या बांधलेल्या असायच्या. ओटीवर, माजघरात, चुलीच्या वर. आमच्या घरात चालायचं म्हणजे वाकूनच. एकदा मतं मागायला एक उमेदवार चार माणसं घेऊन आला. नमस्कार करायला ताठ उभा राहिला आणि शेजारच्या घरचं, मामंजींनी वाळवायला आणलेलं बाळोतं त्याच्या पावसानं भिजलेल्या डोक्यावर बसलं. तो बिचारा हसून साजरं करत होता, तर मामंजींनी ते त्याच्या डोक्यावरून उतरवलं, गालाला लावलं आणि त्याच्यावरच ओरडले, "वाळत आल्यालं पुन्ना वलं केलंस की रं!" तो निवडून आला. पण आमच्या घराकडं पुन्हा फिरकला नाही.

मला दिवस गेले तेव्हा मामंजींच्या अंगात जे काही संचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. माझी आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. तेही ऐन आषाढात. मामंजींनी माघातच तयारीला सुरुवात केली. बाळोत्याला जुनंच सुती कापड लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि ते भरपूर जगलेल्या माणसाच्या अंगावरचं असावं, म्हणजे त्याचं आयुष्य लेकराला लागतं, असं आमच्याकडं मानतात. आता सुती धोतर नेसणारी माणसं राहिलीत किती? मामंजी ती सगळी ओळखून होते. ते समोरून आले की ही म्हातारी मंडळी धोतर सावरायची. कारण मेलेल्या माणसाचं कापड बाळाला चालत नाही आणि म्हणून मामंजींना ते त्याआधीच हवं असायचं. वरच्या वाडीच्या धनगर आजोबांना ते सरळच म्हणाले, "आबा, जित्तेपनी द्या. मागनं काय उपेग न्हाई त्याचा." आजोबा काठी घेऊन उठले. "म्या अजून हाय की रं ल्येका! आन् नेसू काय, पळसाचं पान?" महिन्याभरानं त्यांच्याच नातवानं धुऊन घडी केलेलं धोतर आणून दिलं. मामंजींनी ते कपाळाला लावलं आणि मग, सवयीनं, गालाला.

आता दुसरी अडचण. बाळ जन्मायच्या आधी त्याचं काहीही घरात आणायचं नाही, असा आमच्या सासूबाईंचा दंडक. मामंजींनी यावर गोठ्याचा तोडगा काढला. "गोठा म्हंजी काय घर न्हवं." मग माझ्या बाळाचा सगळा संसार दोन म्हशींच्या साक्षीनं उभा राहिला. धोतराची चौकोनी बाळोती, तिकोनी लंगोट, जुन्या लुगड्यांची दुपटी, टोपरी, रिठ्याची पिशवी, शेगडी, कोळसे, आणि सगळं ठेवायला एक पत्र्याची ट्रंक. कोंबड्या झाकायचं मोठं डालगंही त्यांनी घासून धुऊन तिथंच नेऊन ठेवलं. कोंबड्या त्या वर्षी मोकळ्याच फिरल्या आणि दोन मुंगसानं नेल्या. सासूबाईंनी त्यांना दिवसभर शिव्या घातल्या. मामंजी म्हणाले, "कोंबड्या परत घेता येत्यात, वैनी."

शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर बाळोती वाळवणं आमच्याकडं सगळ्याच घरांत चालतं. पण मामंजींची रीत वेगळी होती. वाळलेलं बाळोतं डालग्यावरून उचललं की ते कधी लगेच बाळाला लावू द्यायचे नाहीत. आधी खुंटीला अडकवायचं, थांबायचं, मग गालाला. घाईच्या वेळी या थांबण्यानं जीव जायचा. मूल खाली उघडं रडतंय आणि हे खुंटीसमोर उभे. "गरम लागलं म्हंजी वाळलं असं न्हाई. आधी गार हू दे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मरताना माझ्याही तोंडातून तेच निघेल.

माझा नवरा टेम्पो चालवतो. त्यानं भोरहून तयार डायपरची दोन मोठी पाकिटं आणली. मला वाटलं, मामंजी आता घर डोक्यावर घेणार. तसं काही झालं नाही. त्यांनी एक डायपर मागून घेतला, त्यात तांब्याभर पाणी हळूहळू ओतलं आणि सगळी दुपार त्याच्यासमोर बसून काढली. तो फुगला. त्यांनी वरून गाल लावून बघितला, कोरडा. तेव्हा मात्र ते घाबरले. "पानी गेलं कुठं? दिसत बी न्हाई, लागत बी न्हाई. दडून बसल्यालं हाय." त्या पाकिटांकडं ते पुढं कायम संशयानंच बघत राहिले.

मुलगी झाली ती दिवस भरायच्या आधीच, मुठीत मावेल एवढी. भोरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, उबेत ठेवा, श्वासाकडं लक्ष ठेवा. घरी आल्यापासून मामंजींनी शेगडी विझू दिली नाही. पण एक गोष्ट मला खुपू लागली. या माणसानं माझ्या मुलीकडं एकदाही बघितलं नाही. बाळोती दाराआडून हात लांब करून द्यायचे, मान तिकडं फिरवून. घ्या म्हटलं तर "हात खरबरीत हायती" म्हणून निघून जायचे. मला राग आला. मुलगी झाली म्हणून तर हे असं नाही ना, असं मी एकदा सासूबाईंना फटकन विचारलं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"त्यास्नी बी लेकच झाली हुती," त्या म्हणाल्या. "बायकू बाळंतपनातच गेली. म्या माज्या म्हायेराला, तुज्या नवऱ्याच्या बाळंतपनाला गेल्याली. घरात बाईमानूस न्हाई. भावजी एकलेच शेळीचं दूध पाजायचं, एकलेच बाळोती धुयाचं. असाच पाऊस. डालग्यावरनं गरम गरम काडायचं आन् लावायचं. एक दिस पोरीची छाती भरली. इरलं घिऊन येल्ह्याच्या दवाखान्याला चालत निघालं. पोर उतारावरच गेली. तरी भावजी दवाखान्यापातूर गेलं. माघारी आल्यावर तिचा लंगोट सोडून गालाला लावला, तर वला. गरम हुता, म्हून वाळल्याला वाटला त्यास्नी." एवढं सांगून त्या परत तांदूळ निवडू लागल्या. "तवापासनं कुनाच्या बी लेकराचं त्वांड बगत न्हाईत ते."

त्या संध्याकाळी मामंजींनी बाळोतं खुंटीला अडकवलं, तेव्हा मी पहिल्यांदाच कुरकुर न करता थांबले.

श्रावणात माझ्या मुलीचीही छाती भरली. श्वास इतका जोरात चालला होता की बरगड्या आत ओढल्या जात होत्या. नवऱ्यानं टेम्पो काढला. मामंजी मागं हौद्यात ताडपत्रीखाली ट्रंक घट्ट धरून बसले. डॉक्टरांनी तिला लगेच आत घेतलं. पुढचे काही दिवस आम्ही दवाखान्यातच होतो. मामंजी बाहेरच्या बाकावर बसून असायचे, आत एकदाही आले नाहीत. धोका टळला असं डॉक्टर सांगायला आले, तेव्हा घरचे सगळे रडले. मामंजींनी फक्त एवढंच विचारलं, "सायेब, वलीनं झालं का हे?"

"नाही हो आजोबा," डॉक्टर म्हणाले. "ओल्या कपड्यानं न्यूमोनिया होत नाही. जंतूंनी होतो. कमी दिवसांचं बाळ आहे, म्हणून धरलं. तुमचं काही चुकलेलं नाही."

मला इतकं बरं वाटलं! इतक्या वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं, असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम मामंजींना पुढं बसवलं. मुलगी माझ्या मांडीवर, ते खिडकीकडं तोंड करून. मी म्हटलं, "ऐकलंत ना मामंजी? तुमची काही चूक नव्हती."

ते काचेकडं बघतच म्हणाले, "मंग माजी कशानं गेली?"

"जंतूंनीच असणार."

"ते मला कसं दिसायचं?" ते म्हणाले. "चूक माजी हुती तवर काम तरी हुतं, पोरी. वाळवत हुतो. आता काय वाळवू?"

नवऱ्यानं उगाचच हॉर्न वाजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धास्तावूनच उठले. मामंजी आरशाच्या तुकड्यासमोर बसून दाढी करत होते. शेगडी पेटलेली होती.

आता माझी मुलगी अंगणवाडीत जाते आणि घरभर बोलत फिरते. या पावसाळ्याच्या तोंडाला मामंजींना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. आणि उजवा गाल, तो राखीव गाल, पार बधिर. नवऱ्यानं मोठ्या माणसांचे तयार डायपर आणले. आठवड्यात त्यांच्या अंगाची सालटं निघाली. मग मी गोठ्यातली ट्रंक उघडली. माझ्या मुलीची बाळोती दोन दोन जोडून शिवली. धनगर आजोबांच्या धोतराचीही त्यात होती. आजोबा अजून आहेत.

पहिल्या दिवशी मी घाईत डालग्यावरून गरम बाळोतं उचलून तशीच त्यांच्याजवळ गेले, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता, पण मला कळलं. मी माघारी फिरले आणि ते खुंटीला अडकवलं. गार झाल्यावर त्यांच्या डाव्या गालाला लावलं. ज्या गालावर त्यांनी जन्मभर भरवसा ठेवला नाही, त्याच्यावरच आता सगळी मदार. त्यांनी डोळे मिटले. "अ-जून," म्हणाले. मी माझ्या गालाला लावून बघितलं. खरंच, कडेला किंचित ओल होती. मी ते परत डालग्यावर टाकलं.

हे आता रोजचंच झालंय. बाहेर पाऊस, आत दोऱ्या, आणि मामंजी ओटीवर पडून. त्यांना मान वळवता येत नाही. माझ्या मुलीला हे कुणी सांगितलेलं नाही, पण ती नेमकी त्यांच्या नजरेसमोरच येऊन बसते, अंगणवाडीतली गाणी म्हणते, त्यांच्या बोटांशी खेळते. पहिले काही दिवस त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. आता मिटत नाहीत. मी बाळोतं खुंटीला अडकवते आणि थांबते. कापड गार व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ ते तिच्याकडं बघत राहतात.