मले, मोला, मला

“‘मला’ म्हण. मगच पेढा.”

साहेबांच्या बाईंनी पेढा माझ्या मुलीच्या नाकासमोर धरला होता. भिलाईत आमच्या मराठी मंडळाचा गणपती, ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाई पुण्याच्या. त्यांच्या नवऱ्याच्या हाताखाली मी पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार. मुलगी तीन वर्षांची. आधी तिने “मले” म्हटलं होतं, आम्ही भंडाऱ्याकडचे लोक घरी बोलतो तसं. ते चालत नाही म्हटल्यावर तिने शेजारच्या छत्तीसगढी काकीपाशी चालणारा शब्द काढला.

“मोला.”

“अगंबाई, ही तर पार इथलीच झाली!” बाया हसल्या. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. साहेब बघत होते. मीही हसलो.

आईपाशी मले, काकीपाशी मोला, गल्लीत मेरे को. कोणासमोर कोणता शब्द, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तरी ती चुकत नसे. मला ते दिसलं नाही. मला फक्त लाज वाटली.

घरी येऊन बायकोला म्हणालो, “आजपासून पोरीसंगं हिंदीच बोलाचं.”

“मले कुठं येते हिंदी?”

“नाही येत तं चूप राय.”

ती चूप राहिली. खाना खा, सो जा, एवढंच. हळूहळू पोरगीही गप्प झाली. माझी आई आली आणि सुनेला म्हणाली, “तू बोलतच नाई लेकराशी. मुकं होईन ते.” नातेवाइकांत तेच पसरलं. मी ऐकत राहिलो.

एकदा पहिली पाळी करून आलो. मुलगी पलंगामागे बाहुलीशी बोलत होती. “भूक लागली का तुले? थांब, माय भात करून राहिली.” अख्खी वाक्यं. मला पाहिलं आणि तिने हात ठेवला. बाहुलीच्या तोंडावर.

पुढच्या गणपतीत बाईंनी विचारलं, “काय, सुधारली का भाषा?”

“बिघडलीच नव्हती, बाई. हिले आता हसू नका.”

मंडळ सुटलं. बढती लांबली. त्याचं कौतुक मला नको. घरातली सक्ती मी सोडली, पण बायको माझ्यासमोर लेकीशी बोलायला बिचकायची, ती बिचकतच राहिली. आईसमोर, नातेवाइकांसमोर मी तिची बाजू कधीच घेतली नाही.

आज मुलगी आपल्या मुलांना सांगते, “माँ तो मुझसे बात ही नहीं करती थी.” बायको तांदूळ निवडत ऐकते.

दिवाळीत सगळे हुडको कॉलनीतल्या आमच्या घरी जमतील. सगळ्यांसमोर सांगणार आहे. “तुझ्या मायचं तोंड मी बंद केलं होतं.” लेक त्यानंतर मला बाबा म्हणो, न म्हणो.