गव्हातलं पाडस

बाबा गेल्याला वर्ष उलटलं, तरी आई अंथरूण सोडायला तयार नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि दुखणं काही नाही म्हणून सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. माझी बायको रिबका ताट घेऊन जाई आणि तसंच परत आणी. मी इस्राएलमधल्या किर्यात मलाखीच्या नगरपालिकेत वायरमन. रोज पहाटे आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये जायचो, पण प्रार्थना नुसती ओठांवर असायची. खरं सांगायचं तर, आपलं ऐकणारं कोणी आहे की नाही, असं मला वाटू लागलं होतं.

शेवटी आम्ही नवसाचा मलिदा केला. कोकणातल्या गावी आजोबा जसा करत तसाच. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, खजूर आणि फळं. ताट मांडून आम्ही एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेतलं. मी मनात एकच मागितलं: आईला उठव. आई तेवढ्यापुरती खुर्चीत येऊन बसली, पोह्याचा एक दाणा जिभेवर ठेवला आणि पुन्हा खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर एका खांबावरची तार बघायला मी गव्हाच्या शेताकडेने चाललो होतो. गव्हात काहीतरी तपकिरी दिसलं. हरणाचं पाडस होतं, मांजराएवढं, पाय पोटाशी घेतलेलं. मी अगदी जवळ गेलो तरी हललं नाही. चारी बाजूंना पाहिलं, हरणी कुठेच नव्हती. वाटलं, त्याची आई मेली असेल. जॅकेटात गुंडाळून मी ते घरी आणलं.

आणि आई उठली. आवाज ऐकून स्वतःहून बाहेर आली, कोचावर बसली आणि म्हणाली, "इकडं दे. असं धरतात का लेकराला?" तिने शेजारणीला शेळीचं दूध आणायला पिटाळलं, रिबकाला कापूस मागितला. "घे गं बाय माझी, दोन थेंब घे," असं ती पाडसाला चुचकारत होती. मधेच मला म्हणाली, "बघतोस काय? मलापण चहा दे, आणि चपाती." मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. आदल्या संध्याकाळी मागितलं आणि सकाळी दिलं, यापेक्षा स्पष्ट उत्तर कुठलं असणार?

पाडसाला आणखी काय द्यावं हे विचारायला मी वन्यजीव खात्यात फोन केला. पलीकडच्या बाईने माझं बोलणं मधेच तोडलं. "त्याची आई मेलेली नाही. हरणी पिलाला गवतात लपवते आणि लांब चरते, म्हणजे कोल्ह्याचं लक्ष जात नाही. दूध पाजू नकोस, पोट बिघडेल. आत्ताच्या आत्ता नेऊन जिथे होतं तिथेच ठेव." मी म्हटलं, "बेसेदर." ठीक आहे. तिने पत्ता विचारला, तेव्हा मी किर्यात मलाखी एवढंच सांगून फोन ठेवला.

घरात मात्र कोणाला काही सांगितलं नाही. कोचावर आई चपाती खात होती, आणि त्या चपातीपुढे मला गव्हात शोधत फिरणारी हरणी दिसेना. थोड्या वेळाने नेऊ, असं म्हणत मी दुपार केली. तोवर पाडसाचे कान लोंबले होते. दूध ओठांवरून खाली गळत होतं. आई घाबरून मला पुन्हापुन्हा विचारत होती, "अरे, हे पीत का नाही?" मला ठाऊक होतं, आणि मी माहीत नाही अशी मान हलवत होतो.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर खाकी शर्टातली एक बाई होती. बोलली तेव्हा कळलं, सकाळचा फोनवरचाच आवाज. ती याच भागात दुसऱ्या कामाला आली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात तिने विचारलं, तर शेळीच्या दुधाची गोष्ट तोवर गावभर झाली होती. यात चमत्कार काहीच नाही. पण मी बंद केलेलं दार कोणीतरी ठोठावलं, एवढं मला कळलं.

"सकाळी सांगितलं होतं ना? अजून इथे कसं?" ती हिब्रूत कडाडली. आईला तिचं बोलणं कळलं नाही. "काय म्हणते रे ती?"

आता भाषांतर करणं भागच होतं. "म्हणते, याची आई जिवंत आहे. शोधत असेल. मला सकाळीच सांगितलं होतं."

आई माझ्याकडे वळली. "आणि तू मला दूध पाजत बसवलंस? तुझा बाप गेला म्हणून मी दुसरीचं लेकरू धरून बसू? मेल्या, मला तू असली बाई समजलास?"

मग तिने पदर खोचला, चपला शोधल्या. रिबका म्हणाली, "आई, तुम्ही कशाला? दमाल." आई तोवर जिना उतरत होती. कित्येक महिन्यांनी ती घराबाहेर पडली, ती त्या बाईच्या जीपमधून, मांडीवर पाडस घेऊन.

मी जागा दाखवली. माणसाचा वास जावा म्हणून त्या बाईने पाडसाला गव्हाचा पाला चोळला, त्याच खळग्यात ठेवलं आणि जीप लांब नेऊन उभी केली. "आली तर उजेड आहे तोवर येईल," एवढंच म्हणाली. सूर्य उतरू लागला. मी देवाशी सौदा करू पाहत होतो, आणखी एक मलिदा, आणखी काही. मग लाज वाटली आणि ते थांबवलं. माझ्या हातात आता काही उरलं नव्हतं. खूप दिवसांनी मी काहीही न मागता बसलो.

गहू हलला. हरणी आली, थबकली, कान फिरवले. पाडस थरथरत उभं राहिलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं. त्याची शेपटी हलताना आम्हाला लांबूनही दिसली. आई म्हणाली, "पितंय." मग तिने डोळे पुसले. वर्षभरात ती पहिल्यांदा रडली होती.

परतताना तिने विचारलं, "मलिद्याचे पोहे उरलेत का रे? भूक लागलीय."

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली, आणि गव्हाच्या दिवसांत मला त्या शेतापर्यंत चालवत नेई. आम्ही लांबूनच बघायचो. मी आईला उठव म्हणालो होतो, आणि देवाने उठवलं. कशाने उठवायचं हे मात्र मी ठरवून बसलो होतो. जे हातात दिलं ते ठेवण्यासाठीच दिलं, असं मी धरून चाललो. ते सोडवण्यासाठीही दार ठोठावणारं कोणीतरी पाठवावं लागलं, इतका मी हट्टी. अजूनही मलिद्याच्या ताटासमोर बसतो तेव्हा मागतो, मागायची सवय सुटत नाही. पण मागून झालं की तळहात उघडे ठेवतो.