खिडकीची जागा

केमोच्या खोलीचं दार उघडलं आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी मावशींनी डोक्याला बांधलेला रुमाल सोडून थेट खिडकीजवळच्या खुर्चीवर फेकला. एसटीत फेकतात, अगदी तसा. जागा धरली! मग तुळतुळीत डोक्याने, सावकाश, त्या दाराशी चपला काढत बसल्या.

"मावशी, खुर्च्या सगळ्यांना पुरतात," सिस्टर हसून म्हणाली.

"खुर्च्या पुरतात गं, खिडकी एकच आहे."

माझी पहिलीच वेळ होती. सुईची, ओकाऱ्यांची भीती होतीच. पण आरशासमोर वेणी हातात धरून मी रडले होते ते अशाच एका रुमालाच्या धास्तीने. आणि ही बाई त्याच रुमालाने जागा धरत होती!

एसटीत रुमाल टाकतो तो लांबच्या गावाला निघालेला माणूस. पुढच्याच थांब्यावर उतरणारा दाराशी दांडी धरून उभा राहतो. मी गेले कित्येक दिवस तशीच दाराशी उभी होते. कपाटं आवरत होते, घरच्यांना "माझ्यामागे जपून राहा" सांगत होते. कुणी सांगितलं होतं मला उतरायला?

स्वतःचाच असा राग आला!

"मावशी, पुढच्या वेळी खिडकी माझी."

"मग लवकर ये. आयती मिळायची नाही."

खांद्यावरची ओढणी काढून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर फेकली. केस जायचे तर खुशाल जाऊ देत. जागा मी सोडणार नाही.