निळ्या काठाचा कप

सावळीराम मास्तर आठवीला इंग्रजी शिकवायचे. 'एन्ड्युअर' शब्द आला की खडू खाली ठेवून सांगायचे, "अर्थ, सोसणे. पण मूळ लॅटिन. तिथे अर्थ होता, टणक करणे." पोरं वहीत उतरवून घ्यायची. पोरांना काय, परीक्षेला येणार का, तेवढं सांगा!

एकाहत्तर साली ते सायखेड्याहून शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका शाळेत आले. त्या शाळेतले पहिले बौद्ध मास्तर. पहिल्या दिवशी केरू शिपायाने सगळ्यांना कपात चहा दिला. मास्तरांना चहा नाहीच, पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतलं. बाकीचे आपापला चहा पीत राहिले. आता मास्तरांनी काय करावं? भांडावं? छे! दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचा कप नेला, निळ्या काठाचा. केरू त्यात वरून चहा ओतायचा. मास्तर प्यायचे, विसळायचे, खिडकीत पालथा घालायचे. सोळा वर्षं! "मास्तर भारी टापटिपीचे हं," बाकीचे म्हणायचे. मेल्यांनो, टापटीप कसली!

पहिली दोन वर्षं रोज रडू घशाशी यायचं. मग यायचं थांबलं.

सत्त्याऐंशी साली ते निवृत्त झाले आणि त्याच जूनमध्ये लेक विशाखा त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. पहिल्या सकाळी मास्तरांनी तोच कप वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवला. तिने उलगडून पाहिला.

"दादा, हे कशाला?"

"असू दे. बरं असतं."

तिने कप ओट्यावर ठेवला आणि गेली. सुमनबाई नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मास्तरांना दिवसभर घास गेला नाही. पोरीला ओंजळ करायला लावतील, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी ती दारात येताच त्यांनी विचारलं, "चहा मिळाला?"

"केरूमामा म्हणाले, सरांसारखा कप नाही आणला? म्हटलं, नाही. कपाटातला घेतला आणि त्यांच्यापुढे धरला."

"मग?"

"मग काय, ओतला त्यांनी."

सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मास्तरांनाही वाटलं, आता रडू येईल, नाहीतर संताप तरी. त्यांनी वाट पाहिली. काहीच आलं नाही. मग उठून त्यांनी ओट्यावरचा कोरडा कप विसळला आणि खिडकीत पालथा घातला.