चौथा मुद्दा

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने आयुष्यात कधी खडू हातात धरलेला नाही. दहावीनंतर दोन वर्षं तंत्रशाळेत काढली आणि तेव्हापासून तो लिफ्टच्या मोटरींना ग्रीस लावतोय. पण दुपारी डबा उघडायच्या आधी तो फोन उघडतो आणि कपाळाला आठ्या घालून ज्वालामुखी, पेशीविभाजन, महायुद्धाची कारणं असलं काहीबाही वाचत बसतो. अशा माणसाला दुसरं काय नाव पडणार?

मी तिथला स्टोअरकीपर. वय अठ्ठावन्न, लग्न केलं नाही, त्यामुळे मुलं कशी वाढवावीत याबद्दल माझी मतं फार ठाम आहेत. कंपनीत मला सगळे काका म्हणतात. सहा वर्षं झाली, मास्तर आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत एकत्र राहतो. त्याची बायको आणि मुलगी बायकोच्या माहेरी असतात, इथून आठ तासांवर. तो इकडे नोकरीला आला तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती, आता चौदाची आहे. तीन-चार महिन्यांनी तो चार दिवस घरी जाऊन येतो.

परत आला की मी विचारतो, "काय म्हणते लेक?"

"बरी आहे."

"बोलली का काही?"

बॅगेतले कपडे काढत तो म्हणतो, "हो म्हणाली. नाही म्हणाली. जेवलात का म्हणाली."

दोन वर्षांपूर्वी तिचा आपणहून पहिला मेसेज आला. 'बाबा, प्रवाळ. दहा ओळी. थोडक्यात पाठवा.' मास्तरने तो मला तीनदा दाखवला. मग त्याने शोधलं, जे पहिलं पान समोर आलं ते जसंच्या तसं पाठवून दिलं, आणि बाईसाहेबांनी ते न वाचता वहीत उतरवलं. ते पान एका दागिन्यांच्या दुकानाचं होतं. शिक्षिकेने भर वर्गात वाचून दाखवलं, 'समुद्रातील अस्सल प्रवाळ. साठा मर्यादित. त्वरा करा.' मी दोन दिवस हसत होतो.

मास्तरला मात्र ते फार लागलं. तेव्हापासून तो चार ठिकाणी वाचतो, ताडून बघतो, आणि जुन्या तक्रार-स्लिपांच्या कोऱ्या बाजूवर, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहितो. मुद्द्यांना नंबर घालतो, फोटो काढतो, पाठवतो. तिकडून एक अंगठा येतो. बस. आभार नाहीत, कसे आहात नाही.

हे बघून माझं डोकं फिरायचं. "अरे, तिच्या हातात तुझ्यापेक्षा चांगला फोन आहे. बोट हलवलं की सगळी दुनिया समोर येते. तेवढंही होत नाही का तिच्याच्याने?"

"वेळ नसतो तिला, काका."

"आणि तुला असतो?"

तो नुसता हसायचा. एकदा तिने मातीचे चार प्रकार विचारले होते आणि मास्तरने तीनच पाठवले. मी म्हटलं, चौथा राहिला रे. "राहिला वाटतं," असं म्हणून तो मोजे धुवत बसला. दहा मिनिटांत फोन वाजला. 'चौथा?' त्याने हात पुसले, चांगले कोरडे केले, आणि मग उत्तर लिहायला बसला. मी म्हटलं, विसराळू आहे बिचारा.

कामात तो मुळीच विसराळू नाही. एकदा सामान पोचवायला माणूस नव्हता म्हणून लिफ्टच्या दाराचं एक कुलूप घेऊन मीच त्याच्या कामाच्या जागी गेलो होतो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकलेली, आत एक म्हातारी बाई एकटी, आणि ती आतून दार बडवत होती. जिन्यात जमलेले दहा जण दहा सल्ले देत होते. मास्तरने पिशवी खाली ठेवली, हत्यार एकही काढलं नाही, आधी दाराच्या फटीला तोंड लावलं.

"आजी, मी आलोय. लिफ्ट पडणार नाही, तिला वर घट्ट धरलेलं आहे. आता मला गच्चीवर मशीनपाशी जावं लागेल. सात-आठ मिनिटं माझा आवाज येणार नाही तुम्हाला. पण मी गेलेलो नाही, एवढं लक्षात ठेवा. तुम्हाला तिथूनच खाली आणणार आहे."

बडवणं थांबलं. तो जिना चढून गेला आणि खरंच आठ मिनिटांनी लिफ्ट हळूहळू तिसऱ्या मजल्याला येऊन टेकली.

मागच्या पावसाळ्यात मास्तरचा फोन पाण्यात पडला. दुरुस्तीला आठवडा लागणार होता, म्हणून त्याने घरी माझा नंबर देऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बेअरिंग मोजत होतो आणि माझ्या फोनवर मेसेज आला. 'बाबा, ओझोनचा थर. सहाला क्लास आहे, त्याआधी. थोडक्यात.'

त्या 'त्याआधी'ने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मास्तर त्या दिवशी सकाळपासून अकरा इमारती चढून आला होता. मी तिथल्या तिथे लिहिलं, 'तुझा बाबा दिवसभर जिने चढतो. तुला फोन आहे, डोकं आहे. स्वतःचा अभ्यास स्वतः करायला शीक. आयतं किती दिवस? काका.'

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'हो. सॉरी.'

मी दोन्ही मेसेज पुसून टाकले. माझं बरोबर होतं तर पुसले कशाला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मास्तरचा फोन दुरुस्त होऊन आला. आठवडा गेला, दुसरा गेला, प्रश्न काही येईना. त्याने दोनदा फोन बंद करून चालू केला. मला म्हणाला, "काका, एक मेसेज टाका बरं मला." मी टाकला. तो लगेच पोचला. मास्तरचा चेहरा उतरला, कारण आता फोनलाही दोष देता येईना.

मग बायकोशी बोलताना त्याला कळलं. ती म्हणाली, अहो, ती आता सगळं स्वतः शोधते, मार्कही वाढलेत, शहाणी झाली तुमची लेक. मास्तरने हे मला हसत हसत सांगितलं. "चांगलं झालं की," तो म्हणाला आणि त्याने आधीच स्वच्छ असलेली शेगडी घासायला घेतली.

त्यानंतर महिनाभराने असेल, मला सामानाची यादी करायला कागद हवा होता म्हणून मी त्याच्या फळीवरचा स्लिपांचा गठ्ठा ओढला. पहिली उलटवली तर मागे 'चुंबकत्व'. दुसरीवर 'वाऱ्यांचे प्रकार'. तिसरीवर 'पचनसंस्था'. तिच्या पुस्तकाची अनुक्रमणिका कुठून तरी मिळवून तो धड्यामागून धडे लिहीत सुटला होता. प्रत्येक स्लिपवर डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'विचारलं तर' असं लिहिलेलं. आणि प्रत्येकीवर तीन मुद्दे. खाली चारचा आकडा, पुढे कोरं.

तेवढ्यात तो आंघोळ करून आला. माझ्या हातात गठ्ठा बघून थोडा लाजला.

"चौथा का नाही लिहिलास?"

"माहीत असतो मला चौथा," तो म्हणाला. "राखून ठेवतो. सगळं एकदम दिलं की अंगठा येतो आणि संपतं, काका. एक मुद्दा कमी दिला की ती परत विचारते. दिवसातून दोनदा तिचं नाव दिसतं फोनवर."

मी गठ्ठा परत फळीवर ठेवला. मग मी सगळं सांगून टाकलं. तो मेसेज, तिचं सॉरी, पुसून टाकलेलं सगळं. वाटलं, हा आता मला चार शिव्या घालेल आणि माझा जीव भांड्यात पडेल.

तो टॉवेल वाळत घालत म्हणाला, "बरोबरच सांगितलंत तुम्ही. बाप म्हणून ते मीच सांगायला हवं होतं. पण मला धीर झाला नाही."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टोअरचं दार लावून घेतलं आणि मी तिला फोन केला. माझं नाव ऐकताच ती म्हणाली, "काका, मी आता सगळं स्वतःच करते."

"तेच तर बिघडलंय."

"म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, बाबांना त्रास होतो."

"मी म्हणालो. मी मूर्ख आहे. माझ्या पांढऱ्या केसांवर जाऊ नकोस." मग मी तिला त्या स्लिपांबद्दल सांगितलं. चौथ्या मुद्द्याचंही सांगितलं. तिकडे मागे कुणाच्या तरी घरातला मिक्सर सुरू होऊन बंद झाला.

"पण आता मी काय विचारू?" ती शेवटी म्हणाली. "सगळं नेटवर मिळतं."

"मग जे मिळत नाही ते विचार."

"असं काय आहे?"

"ते मला कसं ठाऊक? ते तूच शोध," म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की पोरीला मी पुन्हा गृहपाठच देऊन बसलो होतो.

चार दिवस काही झालं नाही. रविवारी संध्याकाळी मास्तर गणवेशाला इस्त्री करत होता तेव्हा फोन वाजला. त्याने वाचलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि फोन माझ्या हातात दिला.

'बाबा, लिफ्टमध्ये कुणी अडकलं की तुम्ही त्यांच्याशी काय बोलता?'

"कुठल्या विषयाचा असेल हा, काका? विज्ञान की नागरिकशास्त्र?" असं म्हणत तो खरोखरच फोनवर शोधायला लागला.

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "ह्याचं उत्तर तुझ्याशिवाय कुणाकडे असणार आहे?"

तो खुर्चीत बसला. सवयीने स्लिप घेतली, दोन ओळी लिहून खोडल्या, पुन्हा लिहिल्या. पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं. 'मी सांगतो की मी आलोय. माझा आवाज येणार नाही, पण मी गेलेलो नाही.'

मी अंगठ्याची वाट बघत होतो. तोही.

आला तो एकच शब्द. 'सविस्तर.'

दोन वर्षांत तिने हा शब्द कधी वापरला नव्हता. मास्तरने तीन स्लिपा भरल्या. त्या आजीबद्दल लिहिलं, वीज गेल्यावर अडकलेल्या दोन भावांबद्दल लिहिलं, अंधारात माणसाला आवाजाचा कसा आधार वाटतो ते लिहिलं. गणवेश तसाच पडून राहिला. फोटो काढताना मी वाकून बघितलं. तीन मुद्दे पूर्ण होते. चौथ्यापुढे त्याने या वेळी जागा कोरी ठेवली नव्हती. लिहिलं होतं, '४. हा भेटल्यावर सांगेन.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'कधी?'

मास्तर उठला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहिला. चालू महिना बघितला, पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं.