डोळे मिटा, हात वर करा

मला लिहायची सवय नाही. भाऊजींबद्दल लिहिणारा मी कोण, असंही वाटतं. पण माझी बहीण मागेच लागली आहे.

भाऊजींनी अर्धं आयुष्य शाळेत भूगोल शिकवला. वर्गात काही फुटलं की ते म्हणायचे, "डोळे मिटा. ज्याने केलं त्याने हात वर करा." उघडे डोळे फक्त त्यांचे. हात दिसला की "हात खाली" म्हणून पुढचा धडा. नाव कधीच बाहेर पडलं नाही. त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या बहिणीनेही विचारून पाहिलं, व्यर्थ.

या विश्वासावरच जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना प्रांताच्या विधिमंडळात धाडलं. मी रिकामा होतो, त्यांच्या औषधांची पिशवी घेऊन बरोबर जायचो.

एकदा पक्षाच्या बैठकीत शाळेचं मैदान अध्यक्षांच्या पुतण्याला द्यायचा ठराव आला. अध्यक्षांपुढे लोक खुर्चीसुद्धा आवाज न करता सरकवायचे. विरोध असेल त्यांनी हात वर करा, असं ते म्हणाले तेव्हा एक बोट हललं नाही.

भाऊजी उठले. "आधी सगळ्यांनी डोळे मिटू या. अध्यक्ष, तुम्हीसुद्धा."

"मास्तर, छडी नाही ना आणली?" अध्यक्ष हसले आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांना खात्रीच होती.

मग एकेक हात वर आला. निम्म्याहून जास्त.

"हात खाली. ठराव पडला."

मी बाहेरच्या बाकावर होतो. दाराला काच होती.

अध्यक्षांनी नंतर नावं विचारली, भाऊजींनी दिली नाहीत. पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं गेलं. फाटकासमोर अनोळखी गाडी उभी राहू लागली. या सगळ्याची आम्ही मनाची तयारी केली होती. पण ज्यांचे हात वर होते, तेच भाऊजींना टाळू लागले. मास्तर कधी ना कधी बोलणार, याची त्यांना धास्ती.

एका दुपारी बैठकीतला एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचा हात वर होता की खाली, ते मी लिहिणार नाही. बहिणीने दिलेल्या पाण्याला तो शिवला नाही.

"सर, तुमची स्मरणशक्ती फार चांगली."

"होती," भाऊजी म्हणाले. "आता चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो."

तो हसला, पण नुसत्या ओठांनी. बूट घालताना त्याने मान वर न करता मला विचारलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होतात?"

"खाली. गाडीत."

तो सावकाश नाडी बांधत राहिला. "गाडी तर दुरुस्तीला होती, मामा. सरांना मीच माझ्या गाडीतून सोडलं होतं. तुम्ही मागे बसला होतात."

भाऊजी गेले, नावं त्यांच्याबरोबर गेली असं लोक समजतात. तो विद्यार्थी अजून आहे. दार वाजलं की मी आधी खिडकीतून बूट पाहतो.